पिशवीखालचा मथळा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पोटाच्या आतला पडदाच गाळणीचं काम करेल. नळीनं साखरेचं औषधी पाणी पोटात सोडायचं. पडद्यातून रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरतं. मग ते पिशवीत काढायचं. मला रागच आला. बापाचा जीव टांगायचा, तो कागदाएवढ्या पातळ पडद्यावर?

नळीतून जंतू शिरला तर पडदा सुजतो. म्हणून कुपवाडच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत मी पंखा बंद करायची, दार लावायची, हात सोलवटेपर्यंत धुवायची. रोज सकाळी भरलेली पिशवी पेपरवर ठेवून मी तिच्यातून मथळा मोठ्यानं वाचायची. अक्षरं दिसली की पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं तर तडक सांगलीला, दवाखान्यात. अण्णा डोळे मिटून ऐकायचे.

परवा अक्षरं दिसेचनात. पिशवीत नुसतं ताक. तरी मी आवाज सावरून म्हणाले, “कृष्णेचं पाणी उतरू लागलं.”

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

“ती कालची बातमी हाय, पोरी. गाडी काढ.”