डाव्या बाजूचा दिवा

फोनवर दिलीपचं नाव दिसलं आणि मी तो मुद्दाम वाजू दिला. बारामतीतल्या माझ्या पेंटिंगच्या दुकानात एका दुधाच्या टेम्पोसाठी रेडियमची अक्षरं कापत बसलो होतो. काम घाईचं नव्हतं. पण आमचं आठ दिवस बोलणं बंद होतं आणि आधी फोन त्यानं केला, याचा मला इतका आनंद झाला की तो जरा पुरवून खावा असं वाटलं. फोन दुसऱ्यांदा वाजला. तोही जाऊ दिला. तिसऱ्या वेळी घसा खाकरला, आवाजात असेल नसेल तेवढा तोरा आणला आणि म्हणालो, "काय डॉक्टर, आली का अक्कल ठिकाणावर?"  पलीकडनं एक अनोळखी म्हातारा आवाज आला, "मी पणदऱ्यातनं बोलतोय... डॉक्टरांच्या फोनवरनं. आमच्या गायीचं वासरू काढलं त्यांनी, हात धुतलं, ओट्यावर टेकलं... आन् उठंनातच ओ."

त्याला आता दीड महिना होऊन गेला. लोक म्हणतात, मित्राच्या आठवणीनं डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. मला संताप येतो. दिलीप सणसरचा गुरांचा डॉक्टर, मी त्याच्या शाळेतला बाकसोबती, आणि चाळीस वर्षांत त्यानं माझा एकही वाद पुरा केल्याशिवाय सोडला नव्हता. हा एकच अर्धा ठेवला, आणि तो नेमका असा, की ज्यात कोण बरोबर होतं हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

वाद गाडीचा होता. दिलीपकडं स्पोर्ट्स कार होती, हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी माझ्याकडं पाहिलंय. दोन दारं, दोन सीटा, लाल रंग, आणि उंची एवढी कमी की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीची परवानगी घ्यायची. पुण्यातल्या एका हौशी माणसाची हौस फिटल्यावर ती यानं जुन्यात घेतली. शेजारच्या सीटवर गायी भरवायच्या बीजाच्या कांड्या ठेवायचं नायट्रोजनचं कॅन असे, पट्टा लावून. मी असलो तर कॅन माझ्या मांडीवर. ही गाडी उसाच्या बांधाबांधानं वळत गोठ्यासमोर येऊन थांबली की आधी कुत्री गप्प व्हायची, मग माणसं बोलायला लागायची. एका आबांनी तर बॉनेटवर हात ठेवून विचारलं होतं, "डॉक्टर, खाली बसलीय व्हय? उठंल का अजून?" दिलीप म्हणाला, "आबा, गाभण हाय. हात लावू नका."

या गाडीचं दुखणं मागच्या दिव्यांचं. आतला चकचकीत पत्रा काळा पडला होता, त्यामुळं बल्ब पेटला तरी दिवा पेटल्यासारखा दिसत नसे. नवीन दिवे मिळत नव्हते, कारण ती गाडीच कुणी बनवत नव्हतं. साखर कारखाना सुरू झाला की आमच्या रस्त्यावर पुढं उसाच्या ट्रॉल्या आणि मागं ट्रक, त्यात ही गुडघ्याएवढी गाडी. एका संध्याकाळी दुधाच्या टेम्पोनं मागून हलकाच धक्का दिला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "डॉक्टर, तुमी दिसलाच न्हाय." दिलीपला धक्क्याचं काही वाटलं नाही, त्या वाक्याचं वाटलं. सणसरपासून पणदऱ्यापर्यंत 'तुमी दिसला न्हाय' असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. शिवाय गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, पुन्हा पासिंग करायचं होतं. झालं नाही तर ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. त्यानं ठरवलं, मागचे सगळे बल्ब काढायचे आणि एलईडी बसवायच्या. आणि हे काम कुठल्याही मेकॅनिककडं न देता आपण दोघांनी करायचं.

आपण दोघांनी म्हणजे कसं, तर डोकं त्याचं आणि पाय माझा. मी आत बसून ब्रेक दाबायचा, तो मागं उकिडवा बसून बघणार. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." "आता दाब की!" "दाबलाय की!" "मग लागंना कसा?" "मला काय इचारतो? मी हितं हाय, दिवा तितं हाय!" सलग चार रविवार आमचा हाच संवाद चालला. पहिल्या रविवारी इंडिकेटर घाबरल्यासारखे फडफडायला लागले. एलईडीला करंट इतका कमी लागतो की इंडिकेटर उघडझाप करणाऱ्या जुन्या डबीला वाटतं, बल्बच उडालाय. दुसऱ्या रविवारी त्यावर उपाय म्हणून एक रेझिस्टर लावला. तो असा तापला की डिकीतलं कार्पेट वितळून जनावराला डाग दिल्यासारखा वास सुटला. तिसऱ्या रविवारी एमआयडीसीजवळच्या दुकानातून इलेक्ट्रॉनिक डबी आणली आणि फडफड थांबली. मी टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं की डावा दिवा रुसलाय.

ब्रेक दाबला की उजवा दिवा झगझगीत पेटायचा. डावा मात्र अर्धवट डोळा उघडायचा, आणि त्याच्याच शेजारचा इंडिकेटर, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, तोही मंद उजळायचा. दिव्यांची अदलाबदल केली. वायर बदलली. दिलीप म्हणायचा, "जनावर बोलत न्हाय पेंटर, त्याला इचारावं लागतं." तो विचारत बसायचा आणि माझ्या पोटरीला गोळे यायचे. तशीच गाडी आरटीओत पासिंगला नेली. साहेबांनी ब्रेक दाबायला सांगितला, मागं फेरी मारली आणि डावा दिवा नीट करून आणा म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मुदतीला महिना उरला होता.

परत आल्यावर त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी माझा तोडगा मांडला. जुने बल्ब परत बसव, पासिंग करून घे, मग हव्या त्या एलईडी लाव.

"म्हंजे खोटं बोलून पास व्हायचं?"

"खोटं कसलं त्यात? बल्ब हाय, बल्ब पेटतो."

"पास एक दाखवून व्हायचं आन् रस्त्यावर दुसरं पळवायचं. हे तुझ्या नाटकात चालतं."

मी म्हणालो, तू गुरांचा डॉक्टर हायेस, तुला वायरीतलं घंटा कळत नाही. तो म्हणाला, तुला रंग सोडून आयुष्यात काय कळलं? यावर मी उठलो. गावच्या नाटकात वीस वर्षं राजाची कामं केलेला माणूस मी, माझं निघून जाणं कसं असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. फाटकाशी थांबलो, वळलो आणि म्हणालो, "हा दिवा लागल्याशिवाय मला फोन करू नगंस." टाळी घेणारं वाक्य होतं. फक्त माझी स्कूटर आत शेडमध्ये होती. ती आणायला परत जाणं म्हणजे माघार, म्हणून मी तसाच चालत फाट्यावर आलो आणि एसटीनं बारामतीला गेलो. स्कूटर परत मिळाली ती त्याच्या मातीच्या दिवशी. कुणीतरी तिच्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं... कुणी, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तीन आठवड्यांनी मंगलवहिनींचा फोन आला. दिलीपची बायको, इंदापूरला शाळेत शिकवते. नातेवाइकांनी गाडी भंगारात द्यायचा सल्ला दिला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला ती शाळंला न्यायचीय. मुदतीला दोन दिस राहिलेत. तुमचं ते बल्ब घेऊन या." मी गेलो. खिशात चार बल्ब होते आणि खरं सांगायचं तर मनात एक घाणेरडा विजयही होता. शेवटी माझंच खरं झालं, असं मी स्वतःला वाटेत दोनदा सांगितलं.

डिकीचं कार्पेट उचललं आणि डाव्या कोपऱ्यात पाहिलं. त्या कोपऱ्याला गंज धरला होता म्हणून दिवे बसवण्याआधी मी तो घासून, अस्तर मारून, लाल रंगाचे दोन हात देऊन आरशासारखा केला होता. अर्थिंगची वायर तिथंच नटनं पत्र्याला जोडायची असते. ती मीच जोडली होती, माझ्या वाळलेल्या, सुंदर रंगावर. आता तिथं, नटाभोवती रुपयाएवढ्या गोलात रंग खरवडलेला होता. खालचा पत्रा स्वच्छ, पांढरा. नट नवा. आणि वर गायीच्या कासेला लावतात त्या मलमाचा पातळ थर, पुन्हा गंज धरू नये म्हणून.

त्या गोलावरून मी बोट फिरवलं. वायर उघड्या पत्र्याला भिडायला हवी होती, मध्ये माझा रंग होता. करंटला परतीची वाट नव्हती, म्हणून तो बिचारा शेजारच्या इंडिकेटरच्या दारात हात पसरत होता. चार रविवार, पोटरीचे गोळे, वितळलेलं कार्पेट, भांडण... दोष ना एलईडीचा, ना डॉक्टरचा. दोन हात रंगाचा.

"कधी केलं त्यानं हे?" मी वहिनींना विचारलं.

"तुमी गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेडमदी एकटंच हसत हुते, काय घावलं ते मला सांगंनात. मी म्हणलं, याड लागलं का? फोन करा की भाऊजींना. तर म्हणाले, आत्ता न्हाय. आधी पासिंग. मग गाडी पेंटरच्या दुकानाम्होरं नेऊन उभी करतो, चार माणसं गोळा करतो आन् सांगतो."

मी बल्ब खिशातच ठेवले. दुसऱ्या दिवशी वहिनी गाडी घेऊन पासिंगला निघाल्या आणि म्हणाल्या, "तुमी स्कूटरवर मागं राहा, लागतात का बघा." सणसरच्या पहिल्या गतिरोधकाला दोन्ही दिवे एकदम पेटले. भर उन्हात, लालभडक, डावा-उजवा एकसारखे. मला इतका राग आला की स्कूटर बाजूला घेऊन थांबावं लागलं. माझी एवढी मोठी फजिती तयार होती, शिजवून झाकून ठेवलेली, आणि हा माणूस ती न वाढताच उठून गेला.

गाडी पास झाली. परतताना वहिनींनी ती माझ्या दुकानासमोर उभी केली. शेजारचा चहावाला आला, टायरवाला आला, रेडियम लावायला आलेले दोघं होते. म्हणजे चार माणसं झाली. मग मीच सुरुवात केली. रंग, नट, चार रविवार, सगळं सांगितलं, हातवारे करून, आवाज बदलून. वीस वर्षं स्टेजवर घालवलेला माणूस मी, आणि एकही जण हसला नाही. टायरवाल्यानं तर टोपी काढली.

"भाऊजी, असं न्हाय," वहिनी म्हणाल्या. गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि दिलीप जसा कमरेवर हात ठेवायचा तसा ठेवला. "आरं या राजाला इचारा! पत्र्याला नटवला, मेकप केला, आन् म्हणतोय करंट कसा येत न्हाय! नाटकाचा पडदा हाय का त्यो? उद्या म्हशीला पावडर लावून म्हणंल, दूध का देईना!" चहावाला आधी बिचकला आणि मग असा हसला की त्याच्या हातातले ग्लास वाजायला लागले. सगळेच हसले. वहिनीही हसत होत्या, डोळे पुसत.

दिलीपला द्यायचं उत्तर मला तिथल्या तिथं सुचलं. अव्वल दर्जाचं उत्तर आहे, चाळीस वर्षांत एवढं चांगलं सुचलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं, आणि मी वहिनींकडं बघून ते गिळलं. आजही ते मी कुणालाच ऐकवलेलं नाही.