छातीपर्यंत न पोचलेला उजेड

डॉ. वत्सला तेंडोलकर यांनी पंचाहत्तरी पूर्ण केल्याबद्दल हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मी लिहावं असं संपादकांनी कळवलं तेव्हा आधी मी बाईंनाच विचारलं. त्यांनी एकच अट घातली. "आमच्या यंत्राने रुग्णांचे प्राण वाचले असं लिहू नकोस. वाचलेले नाहीत." म्हणून हा लेख बाकीच्या लेखांइतका आनंदी नसेल. वाचकांनी समजून घ्यावं.

बाईंची आणि माझी पहिली भेट कुडाळच्या कॉलेजात झाली. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून त्या आल्या होत्या. तोंडी परीक्षेत त्यांनी ध्वनीवर एक प्रश्न विचारला. मी दोन उत्तरं दिली, दोन्ही चुकली. शेवटी माहीत नाही म्हणाले. बाईंनी वही मिटली, मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि बाहेर वीस मुलं ताटकळत असताना ते उत्तर नीट समजावून सांगितलं. मार्क मात्र कमीच दिले. जाताना माझ्या गावाचं नाव विचारलं. वालावल म्हटल्यावर त्या एकदम मालवणीत बोलू लागल्या. पुढच्या वर्षी मी शहरात त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

कापाकापीशिवाय हृदय आतून पाहण्याच्या विषयाकडे त्या कशा वळल्या हे आम्हा विद्यार्थ्यांना फार उशिरा कळलं. त्यांचे यजमान वेंगुर्ल्याला शाळेत शिक्षक होते. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यातून ते बरे होऊन घरी आले, चालू-फिरू लागले. आतला किती स्नायू मेला आहे हे पाहण्याची सोय त्या काळी तिथे नव्हती. माणूस हसतो-बोलतो आहे म्हणजे ठीक आहे, असं सगळ्यांनी धरलं, बाईंनीही. महिन्याभरात ते शाळेत रुजू झाले आणि त्याच आठवड्यात जिन्यावर कोसळले. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसता पुसता.

त्यांच्या कामाची कल्पना सांगायला सोपी आहे. लेझरचा क्षणभराचा झोत अंगावर टाकला की रक्त तो प्रकाश शोषतं, किंचित तापतं आणि किंचित फुगतं. त्या फुगण्याचा अतिशय बारीक आवाज होतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण सोनोग्राफीसारखं यंत्र तो टिपतं आणि त्यातून चित्र तयार होतं. जिथे रक्त खेळतं तिथून आवाज येतो. झटक्यात मेलेला भाग जवळजवळ मुका राहतो. कापाकापी नाही, नळी घालणं नाही. उंदराच्या हृदयात हा मुका भाग आम्हाला स्वच्छ दिसू लागला, त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना घरी बोलावून सोलकढी-भात वाढला होता.

पण उंदराची छाती बोटभर. माणसाच्या छातीत कातडी, स्नायू, बरगड्या, फुप्फुसं ओलांडेपर्यंत प्रकाश विखरून जातो. तिथे आमचं काम अडलं आणि आजही अडलेलंच आहे.

हे अडणं म्हणजे काय ते मला घरात समजलं. माझ्या वडिलांना घरी आणि गावात सगळे भाऊ म्हणत. भातशेती आणि काजूची बाग यांवर त्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांना झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांनी कष्टाची कामं बंद सांगितली होती, पण भाऊंचा त्यावर विश्वास नव्हता. मीच कधीतरी त्यांना उंदराच्या हृदयाची चित्रं कौतुकाने दाखवली होती. त्यामुळे त्यांचं एकच चाललं होतं, की तुमच्या त्या उजेडाने माझं बघा, मग मी ऐकेन.

मी बाईंकडे गेले. भाऊंना एकदा यंत्राखाली झोपवू, चित्र कसंही येवो, त्यांचं समाधान होईल, असं म्हणाले. बाईंनी स्पष्ट नकार दिला. ज्या चित्रावर आपलाच विश्वास नाही ते रुग्णाला दाखवायचं नाही, आणि संस्थेच्या परवानगीशिवाय माणसाला यंत्र लावायचं नाही. मी रागावले. इतकी वर्षं राबून माझ्या बापासाठी एक चित्र काढता येत नसेल तर हे सगळं कशाला, असं मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि निघून आले. त्या बोलण्याची लाज मला आजही वाटते.

चार दिवसांनी बाई एकट्या एसटीने वालावलला आल्या. सत्तरीच्या होत्या त्या तेव्हा. ओटीवर भाऊंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊनू, खोटा कित्याक सांगू? तुमच्या छातयेत आमचो उजेड पोचाचो नाय."

भाऊंनी विचारलं, "मगे इतकी वर्सां काय केलास?"

"उंदराचा काळीज बघूक शिकलंय," बाई म्हणाल्या. "माणसाचा अजून जमाक नाय."

मी दारात उभी होते. बाईंची मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. मग त्यांनी भाऊंनी कपाटात टाकून ठेवलेला इकोचा रिपोर्ट मागवला आणि त्यातली एकेक ओळ त्यांना समजावली. हृदयाचा कुठला भाग हलत नाही, तो पुन्हा का हलणार नाही, नांगर धरला तर उरलेल्या भागावर किती ताण येईल. दुपार तशीच गेली. भाऊंनी ऐकलं. डॉक्टरांच्या सांगण्यावर नसला तरी या बाईवर त्यांचा विश्वास बसला. त्या वर्षी आमचं शेत मधल्या चुलत्यांनी लावलं आणि भाऊ बांधावर खुर्ची टाकून बसले.

दीड वर्षाने भाऊ गेले. बाईंमुळे ते जास्त जगले असं मी लिहिणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ते दीड वर्ष त्यांनी आपल्याला काय झालं आहे हे जाणून काढलं. बागेतलं कुठलं झाड कोणी लावलं ते मला दाखवलं, धाकट्या भावाशी असलेला जुना अबोला सोडला. दिवसकार्याला बाई आल्या, आईजवळ बसल्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या.

आज त्या प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाकडे गेली आहे. दोन विद्यार्थी परगावी ते काम पुढे नेत आहेत आणि बाई वेंगुर्ल्याच्या घरातून त्यांचे कच्चे निबंध मोठ्या अक्षरात छापून घेऊन तपासतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक लिफाफा दिला. त्यांचा स्वतःचा इकोचा रिपोर्ट होता. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणाल्या. मी वाचायला लागले आणि हृदयाची ताकद निम्म्यावर आल्याच्या ओळीशी थांबले.

"वाच गो," त्या म्हणाल्या. "माका समजता."

मी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी दोन शंका विचारल्या, मान हलवली आणि विद्यार्थ्याच्या निबंधातली एक आकृती चुकली आहे ती दाखवू लागल्या. हे ग्रंथात लिहू का, असं मी निघताना विचारलं. लिही, म्हणाल्या.

अशा वेळी शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. बाईंपुढे तेवढं मोठं बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना या पावसाळ्यात दम लागू नये, रात्री शांत झोप यावी, डोळ्यांना वाचण्यापुरता उजेड राहावा. आणि एखाद्या माणसाच्या छातीतून तो बारीक आवाज पहिल्यांदा नीट टिपला जाईल, त्या दिवशी तो निबंध तपासायला बाई असाव्यात, एवढंच मागणं मी आमच्या गावच्या लक्ष्मीनारायणापाशी मागते.