मोहाखालची आग

टीव्हीवर हिमालयातला बर्फ कडाडून कोसळताना दाखवतात आणि खाली अक्षरं येतात, ‘हवामान बदल’. माझं डोकंच फिरतं. बदल म्हणे! बदल शाळेतल्या मास्तरचा होतो. आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसं. बर्फ पाहिला तो गारांचा, तोही उभं धान झोडपून गेलेला. आमच्याकडून गेलं ते दव. आणि ते गेल्याचं मला कळलं, तेव्हा माझ्या धाकट्या जावेचा अर्धा चेहरा गेला होता.

नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला आमची मोहाची तीन झाडं आहेत. आमची म्हणजे सासूबाईंच्या सासूपासून फुलं आम्ही वेचतो म्हणून. कागद कुणाकडेच नाही, पण दुसऱ्याच्या मोहाखाली टोपली घेऊन बसायची गावात कुणाची छाती होत नाही. फुलं गळायला लागली की झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची, ही रीत. काळ्या जमिनीवर पिवळं फूल लांबून दिसतं, पाचोळ्यात ते हरवतं. सासूबाई सांगायच्या, “दवातली आग गरीब रायते.” म्हणून पहाटे पानं ओली असताना पेटवायचं. आग धुमसत, रांगत जाते आणि झाडाच्या घेरापुरती जळून विझते. एकीनं पेटवायचं, दुसरीनं हिरवी डहाळी घेऊन कडेला उभं राहायचं. वीस वर्षं मी असंच केलं आणि घेराबाहेरचं एक पान जळू दिलं नाही. त्याचा मला माज होता, हे आता कबूल करते.

त्या वर्षी थंडी आलीच नाही. माघातच पंखे सुरू झाले, तलावाची कड भेगाळली, आणि मोह लवकरच टपकू लागला. मी काडेपेटी घेतली, कमरेला कुऱ्हाड खोचली आणि जावेला घेऊन निघाले. झाडाखाली ती खाली वाकली, मूठभर पाचोळा उचलला आणि चुरला. त्याचा भुगा झाला.

“बाई, दव नाही पडलं,” ती म्हणाली. “आज राहू द्या न.”

“तू मले शिकवून राहिली काय? तू लगन होऊन आली नवती, तवापासून मी जाळून राहिली. जाय, कडेले उभी राय!”

ती गेली. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं, पण थोरल्या जावेच्या तोंडी कोण लागणार? मी काडी ओढली.

ती आग रांगली नाही. धूरसुद्धा झाला नाही. फट्कन आवाज झाला आणि ज्वाळा माझ्या डोक्यापर्यंत उठली. वारा नाल्याकडे होता. पाहता पाहता आग घेर ओलांडून घाणेरीच्या जाळीत शिरली. बांबू फटाफट फुटायला लागले. जाव डहाळीनं आग झोडत होती. डहाळीनंच पेट घेतला. “इकडे ये!” मी ओरडले. ती वळली, आणि तिच्या मागून, जळत्या जाळीतून अस्वल बाहेर आलं.

पाठीवरचे केस धुमसत होते. त्याला तिच्याशी काही वैर नव्हतं. आग मागे होती आणि वाटेत ही उभी होती. ते दोन पायांवर उठलं आणि पंजा तिच्या तोंडावर ओढला. ती पडली. ते तिच्या अंगावर बसलं. मी जो आवाज ऐकला, तो बाईचा होता की अस्वलाचा, मला अजून सांगता येत नाही.

मी कुऱ्हाड काढली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कुठं बसला माहीत नाही. अस्वल तिला सोडून माझ्याकडे वळलं, दोन पावलं आलं आणि लटपटलं. तोवर शेजारच्या मोहांखालची माणसं काठ्या घेऊन धावत आली होती. “मारा!” मीच ओरडले. “मारा तिले!”

मारलं. काठ्यांनी, दगडांनी, कुणी बांबूच्या जळक्या टोकानं. ती मादी होती, हे मला केव्हा कळलं ठाऊक नाही, पण तोंडातून ‘तिले’ निघालं खरं. ती हलायची थांबली तरी मी थांबले नाही. सगळा राग, जो माझा माझ्यावर होता, तो मी त्या मेलेल्या जनावरावर काढला. रक्त माझ्या पदरावर, हातांवर, तोंडात होतं. कुणीतरी मला मागे ओढलं.

मग नाल्यातून एक पिल्लू आलं. कुत्र्याच्या पिलाएवढं, एका बाजूनं भाजलेलं. आमच्यापैकी कुणाकडे न बघता ते आईच्या पाठीवर चढू लागलं. घसरायचं आणि पुन्हा चढायचं. एकानं काठी उचलली आणि तशीच खाली घेतली.

जावेला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तुमसरला नेलं, तिथून नागपूरला. तिचा डावा डोळा गेला, गाल दातांपर्यंत उघडा पडला होता, तो शिवला. गावात मात्र माझा उदो उदो झाला. थोरलीनं कुऱ्हाडीनं अस्वल लोळवलं, जावेला मरणाच्या दाढेतून ओढून आणलं! लोक बघायला यायचे आणि मी चहा करायची. आग कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. गावात सगळेच लावतात.

विचारलं ते जंगल खात्याच्या माणसानं. तो दवाखान्यात आला, स्टूल ओढून बसला आणि वही उघडली. नाल्यापलीकडचं बरंच रान जळलं होतं. पिल्लू दोन दिवसांनी मेल्याचंही त्यानंच सांगितलं. “आग कुणी लावली? केस होईल, खरं सांगा.”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुरुंगाची भीती वाटली, पण त्याहून जास्त तो उदो उदो जाण्याची. तेवढ्यात पट्ट्यांच्या आतून आवाज आला.

“मीनं लावली, साहेब.”

तिला बोलताना टाके ओढत होते. तो माणूस क्षणभर तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. “तुम्ही होत्या ना तिथं? हे खरं आहे?”

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं लिहून घेतलं. तिची अवस्था बघून पुढं कुणी केस चालवली नाही, आणि ती चालणार नाही हे तिनं आधीच ओळखलं असावं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. पण त्या दुपारी तो गेल्यावर तिनं उरलेला डोळा माझ्याकडे वळवला.

“मी वाट पाहत होती, बाई,” ती म्हणाली. “तुमी नाही म्हनाची.”

मी तांब्या उचलला आणि तिच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेले.