पेट्रोल शिरलेली विहीर

तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली आणि शेजारच्या शेतातल्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला. मी तेव्हा नागपूरला, माती आणि भूजल साफ करणाऱ्या एका लहानशा कंपनीत होते. काम माझ्या गोंदिया जिल्ह्यातलं, म्हणून मी ते मागूनच घेतलं.

पहिल्या दिवशी पोचले तेव्हा शेताचे मालक विहिरीच्या काठावर बसले होते. तोंडात बिडी, हातात काडेपेटी.

"काका, काडी ओढू नका!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

त्यांची बायको धावत आली. "कायले वरडते वो बाई? इहीर आमची नासली, अन् आमालेच वरडून राहिली?"

मी बादली ओढून दाखवली. पाण्यावर रंगीत तवंग तरंगत होता. "मावशी, हे पेट्रोलच होय. एक ठिणगी पुरे." काकांनी काडेपेटी खिशात घातली. मावशींनी मला निरखून पाहिलं.

"इकडचीच दिसते?"

"अर्जुनीकडची. कोहळ्यांची."

"तलाव बांधनाऱ्यायची पोरगी! मंग कर आमची इहीर नीट."

आम्ही गळकी टाकी रिकामी करून जमिनीतून उकरून काढली. तिच्याभोवतीची वास मारणारी माती जिथवर खणता आली तिथवर खणून नेली. जिथे खणणं शक्य नव्हतं तिथे बोअर मारले. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल मोटर लावून खेचलं, जमिनीत हवा सोडली आणि वर येणारी वाफ कोळशाच्या पिंपांतून गाळली. मशीन दिवसभर घरघरत असे. काका-मावशींच्या घरच्या वापराला पंपमालक टँकर पाठवत.

उन्हाळा संपता संपता पाण्याचे रिपोर्ट चांगले आले. पंपमालक गोंदियाचे, माणूस भला, पण कंटाळले होते. "मॅडम, रिपोर्ट साफ आला ना? अब मशीन उठा लो." नागपूरहून आमच्या साहेबांचाही फोन आला, गुंडाळा म्हणून.

मी नाही म्हटलं. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, पण पेट्रोल वरच्या कोरड्या मातीला चिकटून राहतं. पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्याने भरल्या की आमच्याकडे जमिनीतलं पाणी पार हातभर खोलीपर्यंत वर येतं, आणि येताना ते पेट्रोल सोबत घेऊन येणार. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट मला नागपुरातल्या साहेबांना फोनवर समजावावी लागली. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पण जबाबदारी तुझी."

मशीन बंद केली, पण हलवली नाही. ती तिथेच ठेवून आम्ही रोवणीची वाट पाहिली. काहीच झालं नाही तर हसं होणार, हे मला माहीत होतं.

रोवणी आटोपत आली तशी मावशींचा फोन आला. "बाई, वास येऊन राहिला वो पुन्हा."

त्यांच्यासाठी वाईट वाटलं. पण मशीन हलू दिली नाही याचा अभिमानही वाटला. पंपमालकांनी स्वतः येऊन विहिरीत वाकून वास घेतला आणि म्हणाले, "चालू करा. जितना टाइम लगे." त्यानंतर त्यांनी एकदाही घाई केली नाही.

तो पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुढच्या रोवणीत बांध्या तुडुंब असताना मी स्वतः नमुने घेतले. काही निघालं नाही. पाणी उतरल्यावर पुन्हा घेतले. तेव्हाही काही नाही. मशीन ट्रकवर चढली त्या दिवशी मावशींनी विहिरीचं पाणी शेंदलं, आधी स्वतः प्यायल्या, मग काकांना दिलं, मग माझ्यापुढे लोटा धरला. मी तो रिकामाच करून परत दिला.

आता आमच्या कंपनीत भातपट्ट्यातलं कुठलंही काम भर पावसाळ्यातले नमुने घेतल्याशिवाय बंद होत नाही. साहेबांनीच तसं ठरवून टाकलं, आणि नव्या लोकांना त्याचं कारण सांगायला मला बोलावतात.

मशीन ट्रकवर चढली त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लोकं पेऊन राहिले का ते पानी?"

"पेऊन राहिले, बाबा."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बाबा सकाळपासून चौकात बसून येईल त्याला माझ्या विहिरीची गोष्ट सांगत होते, जेवायलाही घरी आले नव्हते.