‘चालेल’ म्हटलेली खोली

नगरला सावेडीत माझे सहलींचे छोटे कार्यालय आहे. गेली पंचवीस वर्षे मी लोकांना चारधाम, काशी, केरळ, अंदमान दाखवत आलो. आमच्या भागातली कित्येक कुटुंबे पहिल्यांदा विमानात बसली ती माझ्यासोबत. या सगळ्या काळात माझी थोरली बहीण राहात्यात, दोन तासांच्या अंतरावर राहत होती, आणि तिला मी एकदाही ‘येतेस का?’ असे विचारले नव्हते. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. ती चाकाच्या खुर्चीत असते. तिला प्रवासाचा त्रास होईल, असे मी परस्पर ठरवून टाकले होते, आणि त्याला माझा समजूतदारपणा मानत होतो.

दोन वर्षांपूर्वी ती शाळेतल्या लिपिकाच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि महिनाभरातच मैत्रिणीला घेऊन माझ्या दारात आली. मैत्रीण म्हणजे नगरच्याच एका उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोन कुबड्यांवर चालतात, मी त्यांना आपा म्हणतो. माझ्या कार्यालयाला तीन पायऱ्या आहेत. त्यामुळे आमचे बोलणे बाहेर, लावलेल्या स्कूटरींच्या मध्ये झाले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

“अंदमानला जायचंय. आम्ही दोघी, आणि तू सोबत,” ताई म्हणाली. “छोट्या बेटावर, समुद्र दिसेल अशा खोलीत राहायचंय. आणि एक अट. मला कोणी उचलायचं नाही.”

“अगं, अगदीच गरज पडली तर...”

“गरज पडणार नाही अशी जागा शोध. तोच धंदा आहे ना तुझा?”

“माझी काळजी नको, भाऊ,” आपा म्हणाल्या. “मला उचलायचं तर क्रेनच मागवावी लागेल.”

ताईने एक कागद दिला. कचेरीतल्या नीटस अक्षरात पाच ओळी होत्या: खुर्चीची रुंदी पंचवीस इंच, संडासाचे दार किमान अठ्ठावीस, उंबरा नको, कमोडच्या शेजारी खुर्ची लागेल एवढी जागा, भिंतीला धरायला दांडी. एवढे असले की ती हातांच्या जोरावर सरकून आपले सगळे आपण करते.

दुसऱ्या दिवशी मी अंदमानातल्या एका छोट्या बेटावरच्या हॉटेलला फोन लावला. समोर चार गिऱ्हाइके बसली होती. ‘माझी बहीण’ आणि ‘संडास’ हे दोन शब्द त्यांच्यासमोर एका वाक्यात उच्चारणे मला जमेना. मी तिची लाज राखतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. राखत होतो ती माझी. कागद बाजूला सारून मी एवढेच विचारले, “व्हीलचेअर चलेगी ना?”

“चलेगी साहब, क्यों नहीं चलेगी!”

मी पाचही ओळींना एकच कंस घालून पुढे लिहिले: चालेल. आमच्या धंद्यात या शब्दाने सगळे मिटते. खिडकीची जागा नसली तरी चालेल, चहा बिनसाखरेचा चालेल. मी विचारले होते खुर्ची फिरेल का, असे. त्या माणसाने सांगितले होते, आमची हरकत नाही. हा फरक मला कळत नव्हता असे नाही. मला तो त्या वेळी कळून घ्यायचा नव्हता.

प्रवास बरा झाला. बोटीवर चढायला रुंद फळी होती आणि ताई खुर्ची स्वतः ढकलत गेली. खोली पाहून तर तिने टाळी वाजवली, कारण पलंगावरूनच समुद्र दिसत होता. मग ती बाथरूमकडे वळली. खुर्ची चौकटीला थडकली. चार बोटे कमी पडत होती, वर उंबरा. ती मागे आली, तिने तिरके जाऊन पाहिले, खुर्ची पुन्हा थडकली. दारात हॉटेलचा व्यवस्थापक आणि दोन नोकर येऊन उभे राहिले.

“थांब,” ती मला म्हणाली. “मला विचार करू दे.”

मला ते बघणे सहन होईना. तिचे हाल नव्हे, त्या तिघांचे बघणे. मी वाकलो आणि तिला उचलले. तिने माझ्या गळ्याभोवती हात टाकले नाहीत. ते छातीशी घट्ट आवळून धरले होते. मी तिला आत बसवून बाहेर आलो.

आपांनी बाथरूमचे दार लोटले, त्या तिघांना घालवले आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“भाऊ, ती सकाळपासून पाण्याचा घोट प्यायलेली नाही.”

“का?”

“का काय? तुमच्या मुलाच्या लग्नातसुद्धा दिवसभर प्यायली नव्हती. कुठं गेली की पीत नाही, कुणी उचलायला नको म्हणून. इथं पोचल्या पोचल्या तांब्याभर पिणार म्हणत होती.”

त्या लग्नात मी पाहुण्यांना कौतुकाने सांगितले होते की आमच्या ताईचा कुणाला काही त्रास नसतो.

आतून तिचा आवाज आला. “ये आता. नेलंस तूच, काढायचंही तुलाच.” खुर्चीत बसल्यावर साडी सारखी करत ती म्हणाली, “आता फोन लाव. इथं नाही, खाली, माझ्यासमोर. आणि कागद वाच.”

हॉटेलच्या दर्शनी दालनात, भरल्या लोकांत, मी सहा ठिकाणी संडासाच्या दाराची रुंदी विचारली. माझा आवाज खाली गेला की ताई म्हणे, “मोठ्यानं. त्याला ऐकू जात नाहीये.” सातव्या ठिकाणी मालकाने खरोखर टेप लावून मोजले. त्याने आपल्या आईसाठी बांधून घेतलेली ती खोली होती. बाजारात, मासळीवाल्यांच्या मागे. तिथून समुद्र दिसत नव्हता. आम्ही दुपारीच तिथे गेलो. ताई आत गेली, कडी लावल्याचा आवाज आला, आणि मग कितीतरी वेळ पाणी पडत राहिले. आपांनी चहा सांगितला. “चार. तिला दोन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. सिमेंटचा रस्ता संपला तिथे खुर्ची थांबली. पुढे शंभरेक पावले वाळू होती. आपा वाळूत रुतणाऱ्या कुबड्यांना शिव्या घालत पाण्याकडे निघाल्या. मी ताईच्या शेजारी उभा राहिलो. मी एकदा वाळूकडे, एकदा तिच्या खुर्चीकडे बघत होतो.

“गप्प का रे?”

“काही नाही.”

“विचार की.”

मला कळायला वेळ लागला. मग मी विचारले, “ताई, उचलू का?”

“नको,” ती म्हणाली.

ती रागाने म्हणाली नाही. अनेक वर्षांपासून तयार असलेले उत्तर असावे, तसे लगेच म्हणाली. मग तिने खुर्चीचा ब्रेक लावला आणि ती समुद्राकडे पाहू लागली. मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले होते, ते मिटले. तिने लगेच, पाहुण्यापुढे चहा ठेवावा तसे, मला माफ करून टाकले असते, आणि एवढ्या सहज सुटणे मला नको होते.