टोचणीला दिलेलं उत्तर

अलिबागच्या दवाखान्यात मी पंधरा दिवस होते. मोठा डॉक्टर सकाळी एकदाच यायचा. रक्त काढणं, जखमा धुणं, कागद लिहिणं, सगळं एक शिकाऊ डॉक्टरीण करायची. केसांत पेन खोचलेलं, बिस्किट उभ्यानेच खायची. माझी पट्टी सोडायला मात्र जमिनीवर बसायची.

मला साखरेचा आजार. मिठागरात चप्पल घालून उतरायचं नाही, ही आमची रीत. पायाच्या बोटात शिंपलीचा तुकडा शिरला, तो चार दिवस कळलाच नाही. पायाला कळत नाही म्हटलं तर पाय कापतील, असं मला वाटायचं. म्हणून ती तळव्याला सुई टोचून विचारायची तेव्हा मी म्हणायचे, “लागतंय गो बाय.”

एकदा ती म्हणाली, “आजी, डोळे मिटा. लागलं?”

“लागलं.”

“अजून टोचलंच नाही मी.”

मी डोळे उघडले. ती रागावली नाही. “तुम्ही खोटं सांगाल तर मी खोटं लिहीन आणि पाय जाईल. खरं सांगा, बोटावर भागेल.”

“टाचेपर्यंत कायच कळत न्हाय,” मी सांगून टाकलं.

आधी चुकीचं लिहिलं म्हणून मोठ्या डॉक्टरने तिला माझ्यासमोर झापलं. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

बोट गेलं, पाय राहिला. आता मी मिठागरात चप्पल घालून जाते. “आली बघा मडम,” बाया म्हणतात. म्हणू देत. रोज संध्याकाळी आरसा धरून तळवा बघते. कुणी विचारलं, दुखतंय का, तर आधी बघते, मग सांगते.