जनूच्या गाडीचं नाक

खाडीकाठच्या गडब गावात हमरस्त्यालगत, घराच्या पुढ्यातच जनूचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि जनूची बडबड. शहाण्णव साली त्याने भंगारातून एक मोटारसायकल उभी केली. सायलेन्सर कमरेइतका वर, टायरला बोटभर खाचा. ही चिखलातूनच काय, खाडीतूनही जाईल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

त्याची बायको काशीबाई पोह्याचे पापड करून पेणच्या दुकानांना द्यायची. तिच्या भावाने रोह्याच्या एका कंपनीत जनूसाठी शब्द टाकला होता. दिवाळीपासून कामावर या, असं पत्रही आलं होतं. काशीबाईने ते देव्हाऱ्यात जपून ठेवलं होतं. जनू मात्र शिफ्टचं नाव निघालं की पान्हा उचलून गॅरेजात पळायचा.

अशात खाडीपासून लांबच्या वरसे गावचा हैबतराव नवीकोरी गाडी घेऊन आला आणि जनूच्या गाडीला खटारा म्हणाला. झालं! खाडीलगतच्या चिखलाळ खाजणातला नाला आधी कोण पार करतो, यावर पैज लागली.

"बंद पडली तर गपगुमान कंपनीत जायचं," काशीबाईने पडवीतूनच अट घातली.

हैबतराव नाला बघून आला. ओहोटी होती, पाणी जेमतेम घोटाभर. "कधी?" त्याने हसत विचारलं.

"कोजागिरीला. दुपारी बाराला," जनू साळसूदपणे म्हणाला. पुनवेला बाराच्या सुमाराला खाडी तुडुंब भरते, हे गडबच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वरशाच्या शहाण्याला सांगणार कोण?

मजेच्या भरात जनू एवढंच विसरला, की त्याच पाण्यातून त्यालाही जायचं होतं. सीटखालच्या एअर फिल्टरमध्ये पाणी शिरलं आणि तिथून इंजिनात गेलं, की खेळ खलास. कोजागिरीच्या सकाळी त्याने काशीबाईचं पापड वाळवायचं प्लॅस्टिक पळवलं, फिल्टरच्या डब्याला गच्च गुंडाळलं, ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं आणि किक मारली. गाडी दोनदा खोकली आणि अंगणातच गप्प झाली.

काशीबाई पोट धरून हसली. "अवो, तिला श्वास नको? पावसाआधी पडवीला माडाची झापं बांधता, तवा दार बुजवता का?"

जनू वरमला. डब्याची खालची भोकं त्याने रबराने बुजवली, वरचं तोंड उघडं ठेवलं आणि त्यावर प्लॅस्टिक पडवीच्या छपरासारखं उतरतं सोडलं. पण इंजिन हवेबरोबर ते लुळं प्लॅस्टिकही आत ओढू लागलं.

"मधी जाड काय तरी पायजे," म्हणत काशीबाई प्लॅस्टिक घेऊन घरात गेली आणि सुईदोऱ्याने शिवलेली ताठ झडप घेऊन बाहेर आली. ती बसवल्यावर गाडी खणखणीत बोलू लागली.

बाराला नाल्यावर हैबतरावाचं तोंड उतरलं. "परवा तर घोटाभर होतं!"

"पानी हाय शेट. येतं, जातं."

हैबतरावाची गाडी मध्यावर चार बुडबुडे सोडून थांबली. जनू मांडीभर पाण्यातून, ॲक्सिलरेटर न सोडता, पलीकडच्या बांधावर चढला. आनंदाने त्याला ओरडायचंही भान राहिलं नाही. गावच त्याच्या वाटचं ओरडलं.

संध्याकाळी त्याने झडप काढली तर शिवण उसवली होती. आत चार घड्यांचा ओला कागद होता. उलगडला तर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का! तो तसाच देव्हाऱ्याशी धावला. पत्राची जागा रिकामी होती.

"काशे, ह्ये काय गो?" त्याने ओला कागद तिच्यापुढे धरला.

काशीबाईने लाटण्यावरून नजरही वर केली नाही. "घरात तेवढाच कागद जाड व्हता. आन ते प्लॅस्टिक गोड्या पान्यात धुवून आना. पापड खारट व्हतील."